घरच्या घरी व्हायरस काढा, मागे काही उरणार नाही

स्क्रीनच्या कोपऱ्यातून ‘तुमच्या कंप्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले’ अशी लाल पाटी वर आली की सर्वप्रथम मनसोक्त घाबरून घ्या. पाटी कुठून आली ते बघू नका. तिच्यावर बारीक अक्षरांत ब्राउझरचं आणि कुठल्याशा वेबसाइटचं नाव असतं. ते वाचलंत तर कळेल की ही बोंब व्हायरसची नाही. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा’ म्हटल्यावर तुम्ही आज्ञाधारकपणे दाबलं होतं, त्याचं हे फळ. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ते नाव उडवलं की दोन मिनिटांत गप्प. पण दोन मिनिटांत संपलं तर चार लोकांना सांगणार काय?

पाटीवर फोन नंबर असेल तर उत्तम, लगेच लावा. आमच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, असं मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगते. पण त्यांना काय कळतंय! पलीकडचा माणूस अतिशय नम्र असतो. एक ॲप टाकायला लावतो, त्यातले आकडे विचारतो, की तुमचा कंप्युटर त्याच्या हातात. मग तुमच्याच स्क्रीनवर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल फुल्यांची रांग दाखवतो. धडधाकट कंप्युटरमध्येही तशा फुल्या असतातच, पण हे त्याला विचारू नका, वाईट दिसतं. शेवटी तो नेटबँकिंग उघडायला सांगेल. उघडा. पाहुणा घरात घेतलाच आहे, तर कपाट दाखवायला कसली लाज?

अँटिव्हायरस एक पुरत नाही, तीन टाका. ते एकमेकांनाच पकडत बसतील.

पासवर्ड बदलायचे तर त्याच बाधित कंप्युटरवरून बदला, म्हणजे नवेही चोराकडे वेळेत पोचतील.

आणि सगळ्यांत रामबाण उपाय म्हणजे फॉरमॅट, विंडोजचा कप्पा पुसून सगळं नव्याने टाकायचं. आमच्या साडूंनी परवा हाच केला. साडू सोसायटीचे सेक्रेटरी. सभेची नोटीस मराठीत काढायची म्हणून त्यांनी ‘मराठी टायपिंग फ्री डाउनलोड’ शोधलं. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड 2019 पासून फुकट बसलेला आहे, पण फुकट आणि घरातच आहे म्हटल्यावर त्यात काय मजा! पानावर हिरवी, गलेलठ्ठ डाउनलोड बटणं चार आणि खरी लिंक तळाशी, बारकी. त्यांनी सगळ्यांत गलेलठ्ठ बटण दाबलं. मग नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. संध्याकाळपर्यंत होमपेज बदललं, शोधावं एक तर उघडावं भलतंच, आणि सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबावर तीन पत्तीच्या जाहिराती नाचायला लागल्या.

मला रविवारी दुपारी फोन. मी म्हटलं, नेट बंद करा, हात लावू नका, संध्याकाळी येतो. तेवढा धीर कुठला! लॅपटॉप उचलून दुकानात. तिथल्या पोराने झाकण उघडायच्या आत निदान केलं, ‘काका, फॉरमॅट मारावा लागेल. डेटा डी ला आहे ना?’ साडू म्हणाले, ‘हो हो, डी लाच.’ डी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही. त्यांचा सगळा संसार डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप राहतो सी मध्ये, म्हणजे फॉरमॅटमध्ये पुसला जातो त्याच कप्प्यात. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचे फोटो तिथेच होते. कॅमेरा साडूंचा, कार्ड साडूंचं, वर्षभर ‘पाठवतो, पाठवतो’ चाललं होतं. आता नाहीत. आणि ऐकून कोणी घ्यायचं? मी. ‘तुम्ही वेळेवर आला असतात तर.’

बरं, फोटो गेले ते गेले. पुढची कारागिरी बघा. लॅपटॉपसोबत आलेलं खरं विंडोज होतं. त्याची किल्ली आजकाल मशीनमध्येच साठवलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा टाका, आपोआप ॲक्टिव्हेट होते, छदाम लागत नाही. त्या पठ्ठ्याने पैसे मोजून घेतलेलं विंडोज पुसलं, चोरीचं बसवलं आणि त्याचे पाचशे रुपये घेतले! चोरीचं चालावं म्हणून ॲक्टिव्हेटर टाकला. ॲक्टिव्हेटरला डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, धरतो, म्हणून डिफेंडरचं तोंड बंद केलं. मी सेटिंग उघडून पाहिली. काय तपासायचं नाही, त्या यादीत एकच ओळ होती: सी ड्राइव्ह. अख्खा! म्हणजे व्हायरस काढायला पाचशे देऊन, पुढच्या व्हायरसने बिनधास्त यावं अशी सोय करून घेतली. वर साडू खूश, ‘आता कसा पळतोय बघा!’

पळणारच. स्टॉप उर्फ डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, 2018 पासून असल्याच क्रॅक आणि ॲक्टिव्हेटरमधून घराघरांत शिरत आलंय. प्रत्येक फाइलला अनोळखी शेपूट, फोल्डरमध्ये एक चिठ्ठी. भाव पुष्कळदा ठरलेला: 980 डॉलर, 72 तासांत दिलेत तर 490. एवढी सूट साडूंना आवडेलच.

खड्ड्यात गेला उपरोध. अहो, शिकलेली माणसं तुम्ही, जरा वाचत जा की समोर काय लिहिलंय ते! गडबड वाटली की आधी नेट तोडा. विंडोजमध्ये डिफेंडर आहे, फुकट आहे, त्यात ऑफलाइन स्कॅन आहे. कंप्युटर बंद होऊन पुन्हा चालू होतो, पंधराएक मिनिटं लागतात. तेवढा वेळ चहा घ्या, पण बटणं दाबू नका. नंतर ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला चिकटलेले छोटे प्रोग्राम, काढा. व्हायरस गेला पण नेटही गेलं अशी रड असेल तर प्रॉक्सीची सेटिंग बघा, म्हणजे व्हायरसने नेटला लावलेली आडवाट. तो जाताना ती तशीच सोडून जातो, आणि तुम्ही नेटवाल्याला शिव्या घालता. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला आणि सगळीकडून लॉग आउट करा. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र 2017 पासून फुकट टूल्स देतंय, पण तुमचा विश्वास हिरव्या बटणावर. पैसे गेले असतील तर लाज बाजूला ठेवून त्याच मिनिटाला 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मेहुण्यांना नंतर. आणि फॉरमॅटच करायचा तर आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या, उघडून बघा, मग करा.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हेही मीच सांगायचं का?

यापुढे मला फोन केलात तर पहिला प्रश्न एकच असेल, बॅकअप कुठंय. ‘डी ला’ म्हणालात तर मी फोन ठेवतोय.