काका, रेट्रो म्हणजे उडालेला रंग नव्हे
काका नमस्कार, एवढं सविस्तर आणि कळकळीनं लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. बाकीच्यांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगते: आम्ही स्टुडिओत चेहऱ्याचा रंग बरोबर यावा म्हणून लॅबवाल्याशी भांडायचो आणि तुम्ही पोरं मुद्दाम बिघडलेले रंग काढून त्याला रेट्रो म्हणता, वर कॅमेरा कुठला तर ऑलिंपस ट्रिप ३५ हा जुना रोलवाला, ज्यात आपल्या हातात काहीच नसतं, मग मोबाईलचा फिल्टर काय वाईट.

पहिल्या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. अल्बममधले जुने फोटो आज लालसर पिवळट दिसतात, पण ते तसे काढलेलेच नव्हते! त्या काळच्या बऱ्याच प्रिंटमधला सायन (हिरवट निळा) रंग अल्बमच्या अंधारातसुद्धा हळूहळू उडायचा आणि लाली मागं राहायची. मी बघितलेले फिल्टर नेमकी त्या उडालेल्या प्रिंटची नक्कल करतात, म्हणूनच मला ते नको वाटतात.

मी वापरते त्या फिनिक्स २०० या कलर फिल्मचं मात्र तसं नाहीये. हार्मन कंपनीनं २०२३ च्या शेवटी काढलेला हा रोल. आता हे तुम्हाला मी काय सांगणार, पण नेहमीच्या कलर निगेटिव्हचा नारिंगी मास्क, म्हणजे फिल्मची ती नारिंगी छटा, उगाच नसतो, फिल्ममधले रंग (डाय) पूर्ण शुद्ध नसतात त्यामुळे रंगात येणारी गडबड तो सावरून घेतो. फिनिक्सला तो मास्कच नाही, म्हणून रंग जरा सरकतात. शिवाय या रोलचा कॉन्ट्रास्ट चढा आहे, आणि फिल्ममधून आरपार गेलेला उजेड मागून परतून येतो, त्यामुळे झगझगीत उजेडाच्या कडेनं लाल झळाळी पसरते. आपल्या नाशिकच्या भांडी बाजारात दुपारी पितळेच्या हंड्यावर उन्हाची तिरीप पडलेली असते ना, ती या रोलवर काढून बघा, हंड्याच्या कडेला जे दिसतं ते उजेड आणि फिल्मनं मिळून केलेलं असतं, नंतर वरून मारलेलं नसतं. चेहऱ्यांना तो रोल नाही चालत, लग्नात तर अजिबात नको, तिथं मी कोडॅकचा गोल्ड २०० च घालते.

आता कॅमेरा. हातात काहीच नसतं हे मला पटत नाही. ट्रिपला सेल लागत नाही, लेन्सभोवतीचं सेलेनियम उजेड मोजतं, ऑटोवर शटर १/४० किंवा १/२०० सेकंद एवढंच, आणि उजेड कमी असेल तर आत लाल पट्टी वर येते आणि बटण दबतच नाही. पण फोकससाठी लेन्सवर अंतराची चार चित्रं असतात (एक माणूस, ग्रुप, डोंगर अशी), त्यातलं आपण निवडतो आणि एएसए, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील तो आकडा, पण आपणच लावतो. गोल्ड २०० घातला की मी कॅमेऱ्यावर १०० लावते, कारण निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झाला तर ती सांभाळून घेते, कमी पडला तर सावल्या गढूळ होतात आणि दाणे दिसायला लागतात. गोदाघाटावर काळा दगड आणि डोक्यावर ऊन, तिथं हा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, फार कामाला येतो.

आणि रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या जुन्या हौदात, पोरं धाडधाड उड्या मारतात तेव्हा फोकस करत बसायला वेळ असतो का सांगा. ग्रुपच्या चित्रावर ठेवायचं, उन्हात अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आपोआप बारीक होतं त्यामुळे पुढचं मागचं बऱ्यापैकी शार्प येतं, आणि आपलं सगळं लक्ष उडी कधी पडते याच्यावर. मला या कॅमेऱ्यात जे हवंय ते हेच.

रोल आणि धुलाई महाग आहे हे तुमचं खरंय, त्यावर वाद नाही.

एक विनंती आहे काका. स्टुडिओच्या जुन्या निगेटिव्ह अजून जपून ठेवल्या असतील तर घाटावरच्या एकदोन पट्ट्या स्कॅन करायला द्याल का? मी त्याच जागी, त्याच वेळेला गोल्डवर फोटो काढते आणि दोन्ही शेजारी लावते, चेहऱ्याचा रंग कुठं चुकतो ते तुम्ही दाखवा.