मेगापिक्सेल राहू द्या, माउंटचं बोला!

नव्या कॅमेऱ्याची कुणकुण लागली की ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो टिपायला येणाऱ्या आमच्या मंडळींचा एकच प्रश्न: मेगापिक्सेल किती? अहो, २४ चे ४५ झाले तरी फोटोची रुंदी दीडपटही होत नाही!

लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडतात तो माउंट बदलला की माझ्या जुन्या निकॉन टेलिफोटो लेन्सचं, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सचं काय, हे कुणीच विचारत नाही. तिच्यात मोटर नाही. फोकस फिरवणारी मोटर जुन्या कॅमेऱ्याच्या बॉडीत असायची. नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉडीतून ती काढून टाकली आणि जुनी लेन्स नव्या माउंटला जोडणाऱ्या कंपनीच्या अडॅप्टरमध्येही दिली नाही. लेन्स बसते, एक्स्पोजर बरोबर येतं, पण थवा उडाला की हाताने रिंग फिरवत बसा! काच अजून लख्ख आहे हो, एक बुरशीचा ठिपका नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत ती तशी ठेवायला किती जपावं लागतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

बरं, अशक्य म्हणावं तर तसंही नाही. सोनीने २०२० मध्ये एलए-ईए५ अडॅप्टरमध्येच मोटर बसवून दाखवली. तरी दर वेळी दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, ‘नवीन लेन्स घ्या ना साहेब.’ का घ्यायची? चांगली लेन्स भंगारात काढून?