घरच्या प्रार्थना सभेचं राहून गेलं

ख्रिस्ती सहभागितेवरच्या, म्हणजे विश्वासणाऱ्यांनी एकत्र येण्यावरच्या, लेखातलं ‘सहभागितेचा आनंद मोठ्या मेळाव्यातच’ हे म्हणणं पटलं नाही. बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ 2:46 मध्ये पहिले ख्रिस्ती मंदिरात जमण्याबरोबर घरोघरी भाकर मोडत, असंही आहे. पुण्यात वडगाव शेरी, पिंपरीकडच्या घरगुती सभांना जेमतेम 8-10 जण असतात, पण प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना होते. हे मंडपात कसं जमणार?

सभा बिघडते ती लांबलेल्या साक्षीने, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगण्याने. एकच जण 20 मिनिटं बोलला की नवखा गप्प बसतो आणि पुन्हा फिरकत नाही. साक्ष 3-4 मिनिटांत आटपावी. नुसतं ‘लूक 15 काढा’ (लूकच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय) म्हटलं तर नवखा पानं चाळत अवघडतो. त्याला पान काढूनच बायबल हातात द्यावं. गीत खालच्या पट्टीत धरावं, म्हणजे सगळे गातात. आणि चहा झाला की लगेच चपला शोधू नयेत, माणसं खरी बोलती होतात ती तेव्हाच.