चंद्रपूरचं ऊन आणि बंद पायवाट

जुलैत वाळवंट बघायला जातो म्हटल्यावर शेजाऱ्यांनी वेड्यात काढलं. बाबा मात्र खूश. "आम्ही चंद्रपूरचे. पंचेचाळीसचं काय कौतुक!"

पहाटे साडेपाचला लास वेगासहून निघालो. तासाभरात व्हॅली ऑफ फायर, नेवाडातलं लाल खडकांचं उद्यान. डिकीत पाणी, ताक आणि बाबांच्या हट्टापायी प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा. (पुरावा मागू नका, बाबांशी वाद घालायची माझी हिंमत नाही.)

करड्या डोंगरांतून रस्ता उतरतो आणि समोर एकदम शेंदूर फासल्यासारखे खडक. मूळची ही वाळूच. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या टेकड्या घट्ट होऊन दगड झाल्या, त्यातलं लोखंड गंजलं आणि रंग चढला. अ‍ॅटलाटल रॉकला लोखंडी जिना चढून दगडावर कोरलेली जुनी चित्रं पाहिली. रानमेंढ्या, भाला फेकायचं साधन (तेच अ‍ॅटलाटल). बाबा खाली वाकून म्हणाले, "जिना तर आत्ताचा. ते लोक चढले कसे असतील?"

फायर वेव्ह या लाटेसारख्या खडकाकडे जाणारी पायवाट बंद होती. उन्हाळ्यात ती सप्टेंबर संपेपर्यंत बंदच असते. तिथं चार देशी पोरं फलक वाचून कुरकुरत होती, "एंट्रीचे पैसे घेतात आणि वाटा बंद ठेवतात." मग ओलांडून गेलीच, हातात पाण्याची एकेक छोटी बाटली. गाडीतला आकडा 112 फॅरनहाइट होता, म्हणजे आपले 44 च्या वर.

मला याचाच राग येतो. इथल्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आधीच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते चक्कर येईपर्यंत कळत नाही. आणि कुणी पडलं तर शोधायला जाणाऱ्यालाही त्याच उन्हात चालावं लागतं. "आम्हाला उन्हाची सवय आहे" हे तर मला अजिबात पटत नाही. कसली सवय? मे महिन्यात दुपारी एकला चंद्रपुरात रस्त्यावर कोण असतं? दारं लोटलेली, कूलर चालू, माणसं आडवी. सवय आहे ती घरात बसायची! बाबांना हे ऐकवलं तर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "खरं आहे. माझा दुपट्टासुद्धा कपाटातच असायचा."

परतताना लेक मीडच्या, म्हणजे हूवर धरणामागच्या तलावाच्या बाजूनं आलो. वाटेत सेंट थॉमस. 1865 मध्ये वसलेलं गाव, हूवर धरणाचं पाणी चढलं तसं रिकामं झालं. 1938 मध्ये शेवटचा रहिवासी होडीतून गेला म्हणतात. आता तलाव इतका आटलाय की पाये उघडे पडलेत. मला उजनीतलं पळसदेवचं देऊळ आठवलं, पाणी उतरलं की वर येणारं. भर दुपारी खाली चालत जायचा प्रश्नच नव्हता, लांबूनच पाहिलं.

"पाणी परत भरलं की?" बाबांनी विचारलं.

"बुडेल परत."

"मग थांब जरा." एसी चालू ठेवून दहा मिनिटं काचेतून बघत बसले.