लुडो किंग चिनी नाही

‘लुडो किंग चिनी आहे, लगेच डिलीट करा’ असा मेसेज ग्रुपवर अधूनमधून फिरतो. साफ खोटं! हा गेम नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा. विकाश जैस्वाल यांच्या छोट्या टीमने तो बनवला, २०१६ मध्ये बाजारात आणला. घोळ बहुधा नावांचा असावा. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजीसह चीनशी संबंधित ११८ ॲपवर बंदी घातली. त्या यादीत लुडो ऑल स्टार, लुडो वर्ल्ड होते. लुडो किंग नव्हता. त्याआधी जूनमध्ये बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्येही नव्हता. खात्री करायचीय? प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखालीच कंपनीचं नाव दिसतं. जाहिरातींचा वैताग येतो हे कबूल, पण ती तक्रार वेगळी.