‘एसएमबी १ चालू करा, फायरवॉल बंद करा’: एका फॉरवर्डला उत्तर

घरातला जुना कॉम्प्युटर नव्याशी जोडायचा विषय निघाला की एक मेसेज हमखास पुढे सरकवला जातो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: नव्या विंडोजने जुन्या मशीनशी बोलणं मुद्दाम बंद केलंय. फाइल आणि प्रिंटर शेअर करायचे तर दोन्हीकडे वर्कग्रुपचं नाव एकच ठेवा, एसएमबी १ चालू करा, फायरवॉल बंद करा, पासवर्डचं संरक्षण काढून टाका. एवढं करूनही प्रिंटर चालला नाही तर तो भंगारात काढा.

यातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी कुणाच्या तरी मशीनवर लागू पडली असणार. पण दुसरं मशीन एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’ यादीत दिसणं, तिथपर्यंत पोचणं आणि त्याने आपल्याला आत घेणं, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. मेसेज त्यांची खिचडी करतो आणि कुठलीही पायरी अडली तरी सगळी कुलपं काढायला सांगतो.

आधी ‘जुना’ म्हणजे किती जुना ते ठरवा. एसएमबी ही विंडोजची फाइल शेअरिंगची भाषा. विंडोज एक्सपीला तिची फक्त पहिली आवृत्ती येते. व्हिस्टापासून दुसरी आली, विंडोज ७ मध्ये २.१ आणि विंडोज ८ मध्ये तिसरी. म्हणजे विंडोज ७ आणि विंडोज ११ यांना एकमेकांशी बोलायला एसएमबी १ लागतच नाही. ती मशीन्स जोडत नसतील तर कारण दुसरं आहे, आणि एसएमबी १ चालू करून फक्त एक भोक वाढतं. २०१७ च्या मे महिन्यात पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने याच एसएमबी १ मधल्या त्रुटीचा फायदा घेतला होता. त्यावरचा पॅच मार्चमध्येच आला होता, तो न टाकलेली मशीन्स सापडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ चा सर्व्हर, म्हणजे फाइल पुरवणारा भाग, येतच नाही.

‘काल चालत होतं, आज बंद पडलं’ या तक्रारीचं एक उत्तरही इथेच मिळतं. एसएमबी १ हाताने चालू केलं, पण मशीन सुरू असताना एकूण १५ दिवस ते वापरलं गेलं नाही, तर विंडोज त्याचा क्लायंट, म्हणजे दुसऱ्या मशीनकडे फाइल मागणारा भाग, स्वतःहून काढून टाकू शकतं. लोक मग अपडेटला शिव्या घालतात.

खरोखर एक्सपीच असेल तर? त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. अधूनमधून फोटो काढून घेण्यापुरतं काम असेल तर फॅट३२ किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह वापरा आणि मोकळे व्हा. रोजची देवाणघेवाण असेल तर मधे एक छोटं लिनक्स मशीन ठेवून त्यावर साम्बा (लिनक्सला एसएमबी शिकवणारा प्रोग्राम) चालवा. साम्बामध्येही २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून जुनी भाषा मुळात बंद असते, पण सेटिंग बदलून ती चालू करता येते. मग एक्सपी त्याच्याशी जुन्या भाषेत बोलेल, विंडोज ११ नव्या भाषेत, आणि तुमच्या रोजच्या मशीनला एसएमबी १ शिवावंही लागणार नाही.

वर्कग्रुपचं नाव: याने मशीन्स यादीत कोणत्या गटात दिसतात एवढंच ठरतं. नाव वेगळं असलं तरी फोल्डर उघडतो. यादीत मशीन दिसत नसेल तर यादीचा नाद सोडा. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि दुसऱ्या मशीनचा आयपी पत्ता टाका, उदाहरणार्थ \\१९२.१६८.१.५ (अर्थात इंग्रजी आकड्यांत), आणि एंटर दाबा. शेअर केलेले फोल्डर दिसले किंवा पासवर्डची चौकट आली, तर रस्ता मोकळा आहे आणि भानगड फक्त यादीची आहे. त्यासाठी न दिसणाऱ्या मशीनवर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस ऑटोमॅटिक करा. काहीच आलं नाही, तर मशीन्स एकाच राउटरवर आहेत ना, त्यातलं एखादं गेस्ट वायफायवर तर नाही ना, ते बघा. गेस्ट वायफाय बहुतेकदा उपकरणांना एकमेकांपासून तोडूनच ठेवतं.

फायरवॉलचं उत्तर एका ओळीत संपतं. नेटवर्कचं प्रोफाइल ‘पब्लिक’वरून ‘प्रायव्हेट’ करा आणि फाइल व प्रिंटर शेअरिंगला परवानगी द्या. विंडोजच्या फायरवॉलला याहून जास्त काही लागत नाही.

मेसेजमधला सगळ्यात उलटा पडणारा सल्ला मात्र पासवर्डचा आहे. संरक्षण काढलं की समोरचं मशीन येणाऱ्याला ‘गेस्ट’ म्हणून आत घेतं. विंडोज ११ प्रो मात्र २४एच२ आवृत्तीपासून असं गेस्ट म्हणून आत जायलाच नकार देतं. वर ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे’ अशा अर्थाचा संदेश दाखवतं. घरात बसलेल्या माणसाला कसली आली संस्था! तेव्हा संरक्षण चालूच ठेवा. ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे एक साधं लोकल खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि फोल्डरची परवानगी त्या खात्याला द्या. दुसऱ्या मशीनवर चौकट आली की नावाच्या जागी आधी त्या कॉम्प्युटरचं नाव, मग बॅकस्लॅश, मग खात्याचं नाव लिहा.

इथे पुष्कळ लोक रोजचा पिन टाकतात आणि ‘पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही’ म्हणतात. पिन त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. पासवर्ड रिकामा ठेवलेलं खातंही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. आधी चुकीचा पासवर्ड सेव्ह झाला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधून तो पुसा, नाहीतर विंडोज इमानेइतबारे तोच पाठवत राहतं.

राहिला प्रिंटर. तो भंगारात काढण्याआधी अडचण बहुतेकदा ड्रायव्हरची असते हे लक्षात घ्या. जुनं मशीन ३२ बिटचं, नवं ६४ बिटचं. जुन्याकडचा ड्रायव्हर नव्याच्या उपयोगाचा नाही. दुसरी अडचण २०२१ मधल्या प्रिंट स्पूलरच्या (छपाईची रांग सांभाळणाऱ्या विंडोजच्या सर्व्हिसच्या) सुरक्षा अपडेट्सनंतरची, ‘११बी’वर संपणाऱ्या एररची. त्यावर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, एक आकडा शून्य करण्याचा उपाय फिरतो. त्याने ते संरक्षणच बंद होतं, म्हणून तो करू नका.

त्याऐवजी नव्या मशीनवर प्रिंटर हाताने जोडा. ‘लोकल प्रिंटर’ निवडा, नवा पोर्ट तयार करा, प्रकार ‘लोकल पोर्ट’ ठेवा आणि पोर्टचं नाव म्हणून दोन बॅकस्लॅश, जुन्या मशीनचं नाव, बॅकस्लॅश, प्रिंटरचं शेअर नाव असं लिहा. शेअर नावात स्पेस नको. मग ड्रायव्हर नव्या मशीनचाच निवडा. दोन्ही अडचणी बहुतेकदा इथेच सुटतात, आणि ड्रायव्हर जुन्याकडून मागवावाच लागत नाही.

६४ बिटचा ड्रायव्हर कंपनीने काढलेलाच नसेल, तर प्रिंटरला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट यातली एखादी छपाईची भाषा समजते का ते बघा. समजत असेल तर तिचा सर्वसाधारण ड्रायव्हर चालून जातो. नसेल, तर प्रिंटर लिनक्सच्या त्याच छोट्या मशीनला जोडून कप्स या लिनक्सच्या छपाई व्यवस्थेतून शेअर करून बघा, कित्येक जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर तिथे अजून मिळतात. आणि महिन्याला चार पानंच काढायची असतील तर पीडीएफ शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाका आणि जुन्या मशीनवर जाऊन प्रिंट द्या.