उतार कापा, नकाशा बसवा, एसी लावा?

घर बांधायला निघालेल्या माणसाच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर हमखास येऊन पडतो. लिहिणारा कोण ते कळत नाही, पण पाच गोष्टी तो ठणकावून सांगतो. एक, प्लॉट आधी सपाट करून घ्या. दोन, ‘जागेनुसार डिझाइन’ हा पैसेवाल्यांचा शौक आहे, तयार नकाशा स्वस्त पडतो. तीन, एसीच्या जमान्यात ऊन-वाऱ्याची चिंता कशाला? चार, हे सगळं माती-बांबूवाल्यांचं जुनाट वेड आहे. पाच, शाळा-दवाखाने-सभागृहं तर टाइप प्लॅननेच, म्हणजे सगळीकडे वापरायच्या एकाच ठरलेल्या नकाशानेच बांधावीत, वेळ वाचतो. वाचायला मजकूर फार व्यवहारी वाटतो. हिशेब मात्र त्यात एकही नाही.

सपाटीकरणापासूनच सुरुवात करू. उतारावरचा प्लॉट सपाट करायचा म्हणजे वरच्या अंगाची माती कापून खालच्या अंगाला भरायची. मग घराचा अर्धा पाया मूळच्या घट्ट जमिनीवर येतो आणि अर्धा नव्या भरावावर. थर देऊन, पाणी मारून नीट दाबला नसेल तर भराव पुढची कित्येक वर्षं बसत राहतो. मूळ जमीन तशी बसत नाही. या दोन्हींच्या सांध्यावर उभी असलेली भिंत मग तिरकी तडकते, आणि भेग कितीदाही बुजवली तरी पुन्हा उघडते. हे टाळायचं तर त्या बाजूचे पाये भराव ओलांडून खालच्या मूळ जमिनीपर्यंत न्यायचे, म्हणजे पैसे सरळ मातीत पुरायचे. शिवाय कापलेल्या बाजूला रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवून धरणारी भिंत लागते. तिच्यावर मातीचा दाब असतोच, पण भर पावसात मातीत मुरलेल्या पाण्याचा रेटा त्याहून घातक ठरू शकतो. मागे खडीचा थर नसला आणि पाणी निघायला भोकं ठेवली नसली, तर ती भिंत एखाद्या पावसाळ्यात पुढे झुकते. मजकुरात या भिंतीचा साधा उल्लेख नाही. सपाटीकरणाचा खर्च जेसीबीच्या तासांवर मोजणाऱ्यांना तो सुचणारही नाही.

उताराला धरून बांधणं अवघड असतं असंही नाही. वास्तुकार लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या इमारती उभारल्या, त्या चढउताराच्या जागेवर, वेगवेगळ्या पातळ्यांवर. झाडं आडवी आली तिथे भिंती वळवल्या. आणि हे बेकर आयुष्यभर ओळखले गेले ते स्वस्त बांधकामासाठी. विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवायची त्यांची आवडती पद्धत विटांची सुमारे २५ टक्के बचत करते.

आता ‘श्रीमंतांचा शौक’. मजकुरातला सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे, कारण पैसे कमी असतात तिथेच जागेचं ऐकणं भाग पडतं. बांगलादेशात गायबांधा इथलं फ्रेंडशिप सेंटर (२०११), एका स्वयंसेवी संस्थेचं प्रशिक्षण केंद्र, पुराच्या मैदानात आहे. सगळी जमीन पूररेषेच्या वर उचलायची तर बजेटचा मोठा घास भरावानेच घेतला असता. वास्तुकार काशेफ महबूब चौधरी यांनी भराव टाळला आणि जागेभोवती मातीचा बांध घातला. आतल्या विटांच्या खोल्यांच्या छतांवर गवत आहे आणि छतं बाहेरच्या जमिनीच्या पातळीला येतात, त्यामुळे लांबून इमारत दिसतच नाही. आत पडणारं पाणी कुंडांत जमतं, जास्तीचं पंपाने तळ्यात जातं. म्हणजे हा मार्ग फुकटचा नाही, पंप चालू ठेवावा लागतो. पण अख्खी जमीन उचलण्यापेक्षा तो परवडला.

त्याच देशातल्या दक्षिण कनारचोरच्या आर्केडिया शाळेची (२०१६) गोष्ट आणखी पुढची. नदीकाठची ही जागा पावसाळ्यात काही महिने पाण्याखालीच असते. सैफ उल हक यांनी तिथे बांबूची अशी रचना केली की ती कोरड्या दिवसांत जमिनीवर टेकते आणि पाणी चढलं की जुन्या लोखंडी पिंपांच्या आधाराने तरंगते. भरावाचं टेकाड उभारायची गरजच उरली नाही. या दोन्ही इमारतींना वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, अनुक्रमे २०१६ आणि २०१९ साली. तो नसता मिळाला तरी त्यांचा हिशेब तोच राहिला असता.

श्रीमंतांच्या शौकाच्या या मुद्द्यात तथ्याचा एक अंश आहे, तो मान्य करायला हवा. जागेच्या नावाने उधळपट्टी करता येते. अमेरिकी वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांचं धबधब्यावरचं फॉलिंगवॉटर हे घर सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट खर्चात गेलं, आणि त्याचे अधांतरी सज्जे इतके झुकले की २००२ साली पोलादी तारांनी ताणून सावरावे लागले. मीस व्हान डेर रोहे यांनी नदीकाठच्या पूरमैदानात बांधलेलं फार्न्सवर्थ हाउस (१९५१) मुद्दाम जमिनीपासून पाच फुटांहून वर उचललेलं आहे. तरी १९५४ साली पाणी घरात शिरलं आणि १९९६ साली पुन्हा शिरलं. पूर येतो हे ठाऊक होतं, किती येतो याचा अंदाज कमी पडला. हल्ली माहितीपत्रकातल्या प्रत्येक बंगल्याला ‘निसर्गाशी संवाद’ साधायचा असतो. त्या संवादात पुराची उंची कोणी विचारली का, एवढंच बघावं.

एसीचा मुद्दा. एसी चालतो विजेवर, आणि आत शिरलेली उष्णता बाहेर काढण्याचं बिल दर महिन्याला येतं. ती आत येऊच न देण्याचा खर्च एकदाच होतो, बऱ्याचदा तोही नाही, कारण खिडकी कोणत्या भिंतीत ठेवायची हे ठरवायला पैसे पडत नाहीत. ग्लेन मर्कट यांचं ऑस्ट्रेलियातलं मॅग्नी हाउस (१९८४) लांबट आणि अरुंद आहे. काचेची मोठी बाजू उत्तरेला, कारण दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं; थंड वाऱ्याच्या दक्षिण बाजूला विटांची भिंत, आणि छपराचा पुढे आलेला भाग असा की हिवाळ्याचं उतरतं ऊन आत यावं, उन्हाळ्याचं डोक्यावरचं ऊन बाहेर राहावं. आता हाच नकाशा कोणी फोटोवरून उचलून उत्तर गोलार्धात जसाच्या तसा बसवला, तर सगळी काच सावलीच्या बाजूला जाईल आणि सूर्याकडे पाठ होईल. तयार नकाशाला दिशा कळत नाही. पूर्व-पश्चिमेला छज्जा वाढवूनही फारसं साधत नाही, कारण तिथला सूर्य खाली असतो. तिथे उभ्या आडोशाची किंवा मुळात लहान खिडकीची गरज असते.

फ्रान्सिस केरे यांनी बुर्किना फासोमधल्या आपल्या गांदो गावी २००१ साली शाळा बांधली. भिंती दाबून केलेल्या मातीच्या विटांच्या. वर्गांवर विटांचंच छत, आणि त्यावर थोड्या उंचीवर पत्र्याचं रुंद छप्पर. मधल्या फटीतून वारा वाहतो, तापलेली हवा निघून जाते, वर्गापर्यंत पत्र्याची धग पोचत नाही. नुसत्या पत्र्याखाली बसलेल्या कोणालाही हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

माती-बांबूच्या वेडाबद्दल थोडक्यात. जागेचं ऐकायला माती-बांबूच लागतो असं नाही. गांदोच्या त्या छपराला साध्या सळया जोडून केलेल्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आहेत, कारण तिथे क्रेन आणणं शक्य नव्हतं आणि सळया कापून जोडायला हातकरवत आणि छोटं वेल्डिंग मशिन पुरतं. फ्रान्समध्ये काप-फेरेच्या वाळूवर लाकातों आणि वासाल यांनी १९९८ साली बांधलेलं घर लोखंडी सांगाड्याचं आहे. पाइनची ४६ झाडं वाचवण्यासाठी ते खांबांवर उचललं, काही बुंधे घरातूनच वर जातात. मरिना तबस्सुम यांच्या ढाक्यातल्या बैत उर रऊफ मशिदीत (२०१२) वाकडातिकडा प्लॉट आणि नमाजाची दिशा जुळत नव्हती. त्यांनी चौकोनात वर्तुळ घातलं आणि त्या वर्तुळात नमाजाचा चौकोन हव्या दिशेला फिरवला. यात जुनाट काय आहे, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

राहिला टाइप प्लॅन. हा मुद्दा मला अर्धा पटतो. संडास-बाथरूमची मांडणी, जिना, दारं-खिडक्या, दोन खांबांमधलं अंतर हे दर वेळी नव्याने ठरवण्यात शहाणपण नाही. मर्कट यांचंच उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या यिरकाला इथलं मारिका-आल्डर्टन घर (१९९४) सुटं करून दूर, सिडनीजवळ तयार झालं आणि मग जागेवर जोडलं गेलं. तरीही त्यात खिडक्यांना काच नाही, उघडमिट करायच्या फळ्या आहेत. जमीन जोत्याखालून मोकळी सोडलेली आहे आणि वादळात आतबाहेरचा दाब सारखा व्हावा म्हणून छपराला हवेच्या वाटा आहेत. कारखान्यात बनलेलं घरसुद्धा त्या किनाऱ्यासाठीच बनू शकतं. म्हणजे टाइप प्लॅन ठेवा, पण जोत्याची उंची, इमारतीचं तोंड, छप्पर आणि पाया एवढ्या जागा त्यात कोऱ्या सोडा. फुगणाऱ्या काळ्या मातीवर आणि मुरमावर एकच पाया काढून देणारा नकाशा वेळ वाचवत नाही.

त्या कोऱ्या जागा भरायला फार लागत नाही. उताराची मोजणी, पायाच्या खोलीपर्यंतचा एक चाचणी खड्डा आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून नोंदवलेली पाण्याची सर्वांत वरची खूण. ही माहिती नकाशावर सही होण्याआधी हातात हवी. काम सुरू झाल्यावर मिळाली, तर कंत्राटदार तिला ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणतो आणि बिलही तसंच लावतो.